उजव्या कोपऱ्यातलं नाव

बाबांच्या पेटीवर नेहमी एक पट्टी ठेवलेली असायची. शाळेतली सागवानी पट्टी, एका कडेला पितळेची बारीक किनार असलेली. गायनवृंदाच्या सरावात कुणाचा सूर चुकला की ती बोटांवर बसायची, आणि किनारीच्या बाजूने बसायची. अमरावतीच्या आमच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या बहुतेक मुलींच्या बोटांना ती ठाऊक आहे. माझ्या बोटांना जरा जास्तच, कारण मास्तरने आपल्या मुलीला सूट दिली असं कुणी म्हणू नये, याची बाबांना फार काळजी होती.

बाबा मिशनच्या मराठी शाळेत मास्तर होते आणि चर्चमधल्या गायनाचे पुढारी. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतःला चाली बांधणारा म्हटलं असतं. कुणी विचारत नसे. उपासनेतल्या गीतांना ते नव्या चाली लावत. त्या चाली काही रविवार म्हटल्या जात, आणि मग पुन्हा जुनी विलायती चाल येई.

चर्चची पायपेटी मिसबाई वाजवत. मिसबाई म्हणजे मिशनच्या गोऱ्या, अविवाहित बाई. मुलींची शाळाही त्याच चालवत. त्यांच्याकडे चालींचं पुस्तक होतं. प्रत्येक पानावर रेघांवर मांडलेले स्वर, खाली शब्द. पानाच्या डाव्या कोपऱ्यात शब्द लिहिणाऱ्याचं नाव, उजव्या कोपऱ्यात चाल बांधणाऱ्याचं. डाव्या कोपऱ्यात अधूनमधून एखादं मराठी आडनाव दिसायचं. शब्द आमचे चालत. उजवा कोपरा मात्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत गोरा होता. बाबांना इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत, तेवढंच. पण तो कोपरा ते बोट ठेवून वाचत.

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात शिकले. तिथे पियानो शिकवत आणि रेघांवरचे स्वर लिहायला-वाचायलाही शिकवत. मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा बाबांनी माझ्या इतर शिक्षणाची चौकशी केली नाही. स्वर लिहिता येतात ना, एवढंच विचारलं. त्यांच्या चाली कागदावर उतरवायला त्यांना आता कुणीतरी मिळालं होतं.

रविवारी दुपारी ते मिसबाईंच्या कपाटातलं एक जाड इंग्रजी पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवत. गीतांच्या चाली बांधणाऱ्यांची चरित्रं. मी वाचायची आणि मराठीत सांगायची. कुणी वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, कुणी तरुणपणीच डोळे गेलेला, कुणी आपली तिन्ही मुलं साथीत पुरून आल्यावर त्याच आठवड्यात चाल लिहिलेला. हे शेवटचं चरित्र बाबांना फार आवडे. ते मला पुन्हा वाचायला लावत. एकदा ते ऐकून झाल्यावर माझ्याकडे बघून आईला म्हणाले, "आपल्याकडे एकच, आणि तीही ठणठणीत. चाल कुठून लागणार?"

हा विनोद होता. आईने हातातलं पातेलं जरा जोरात ठेवलं.

मग एका पावसाळ्यात बातमी आली, की अकोल्याची कमिटी नवं पुस्तक काढते आहे आणि त्यात देशी चालीही घेणार आहे. ज्याची चाल निवडली जाईल त्याचं नाव उजव्या कोपऱ्यात, आणि पुस्तकाच्या शेवटी प्रत्येकाचं छोटं चरित्र. बाबांनी त्या दिवशी शाळेत कुणालाही मारलं नाही.

पाठवायची चाल त्यांच्याकडे तयार होती. दुःखसप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, म्हणायच्या एका गीताला त्यांनी ती लावली होती. मी चांगलं संगीत थोडंफार ऐकलं आहे, म्हणून सांगते, ती चाल चांगली होती. फार संथ. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर खाली उतरताना सरळ उतरत नसे, घसरत यायचा, जसं काही धरायला हात मिळत नाही. बाबा ती संध्याकाळी पेटीवर वाजवत आणि स्वतः म्हणत. पेटीत तो घसरणारा सूर नाही, तो त्यांच्या गळ्यातूनच यायचा. मारकुट्या माणसाच्या गळ्यात असं काही असेल हे मला आवडत नसे, पण ऐकत मी बसायची.

"ही कशी सुचली बाबा?"

"सुचली नाही. होतीच," ते म्हणाले. "मी फक्त बाहेर काढली."

बाबांना एक बहीण होती, माझी आत्या. ही गोष्ट घरात बोलायची नव्हती. आईने मला ती भाजी निवडताना हळू आवाजात सांगितली होती. मोठ्या दुष्काळात बाबांचे आईवडील गेले तेव्हा बाबा रांगते-चालते होते आणि आत्या परकरी पोर. तिने त्यांना कडेवर घेऊन भातकुलीकडून अमरावतीपर्यंत आणलं आणि मिशनच्या अनाथाश्रमाच्या फाटकावर दिलं. तिला मात्र माळ्यांच्या एका घराने कामाला ठेवून घेतलं, आणि पुढे त्याच घरात तिचं लग्न लागलं. ती हिंदूच राहिली. तिला मूल झालं नाही. फुलं आणि भाजी विकायला ती इतवाऱ्याच्या बाजारात बसे, आणि शनिवारी वेदीची फुलं द्यायला आमच्याकडे येई. व्हरांड्याच्या पायरीवर बसे. त्या पायरीच्या वर ती कधी आली नाही, आणि ये असं तिला कुणी म्हटलं नाही.

चरित्र लिहायला बाबांनी शनिवारच निवडला. ते आरामखुर्चीत, मी स्टुलावर कागद घेऊन, आणि पायरीवर आत्या शेवंती निवडत बसलेली.

"लिही," बाबा म्हणाले. "जन्म भातकुलीजवळच्या खेड्यात. दुष्काळात आईबाप वारले. नात्यातलं कुणी उरलं नाही."

मी लेखणी थांबवली.

"काहून रे बाबू?" आत्या फुलांवरची नजर न काढता म्हणाली. "मी कोन, भूत?"

"हे इंग्रजीत जायचं आहे. तुला काय कळतंय?"

"तुया मराठीतलं तं कळून राहिलं मले."

"चरित्रात सगळं घालत नसतात. ज्याचं चरित्र असतं त्याच्यापुरतंच असतं."

"मंग मले शेवटी घाल," आत्या म्हणाली. "जागा उरली तं." आणि मला म्हणाली, "लिही वं पोरी. बाप सांगते तसं लिही. नाईतर पट्टी काढंल."

ती हसली. बाबा हसले नाहीत. मी इंग्रजीत लिहिलं, की नात्यातलं कुणी उरलं नाही.

चाल कमिटीकडे जाण्याआधी ती चार आवाजांत बसवावी लागे. त्याशिवाय पुस्तकात जागा नाही. ते काम मिसबाईंचं. मी बाबांच्या गळ्यातून उतरवलेले स्वर त्यांच्याकडे नेऊन दिले. घसरत्या जागांवर मी वाकड्या रेघा काढल्या होत्या. मिसबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "ह्या रेघा कशाच्या?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पायपेटीत असा सूर नाही, आणि चाळीस माणसं एकदम घसरू शकत नाहीत." त्यांनी त्या रेघा खोडरबराने पुसल्या. मग चालीखाली बायकांचा दुसरा आवाज, त्याखाली पुरुषांचे दोन, असं सगळं नीट बसवलं. काम स्वच्छ होतं. हेही मी ऐकून सांगते आहे.

पण सराव सुरू झाला आणि एक अडचण आली. इतक्या संथ लयीत खालच्या आवाजाच्या पुरुषांचा दम पुरेना. ओळीच्या मध्येच ते श्वास घेऊ लागले. मिसबाईंनी लय वाढवली. तरी पुरेना. पुन्हा वाढवली.

"मिसबाई, हे दुःखाचं गीत आहे," बाबा म्हणाले.

"दुःखातसुद्धा वेळ पाळला पाहिजे, मास्तर," मिसबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांशीच फार मऊ बोलत.

बाबांनी पुन्हा हात वर केला. उजव्या कोपऱ्यासाठी ते पुष्कळ काही गिळायला तयार होते. पुरुषांना आता दम पुरत होता. चाल चालू लागली, मग पळू लागली. मी पायपेटीजवळ पानं उलटायला उभी असायची. बायकांच्या मागच्या ओळीत काही जणी एकमेकींकडे बघत आणि पदर तोंडाशी नेत, हे मला दिसत होतं. कशासाठी ते कळत नव्हतं. मी कंपाउंडात आणि बोर्डिंगात वाढलेली. आई अकोल्याच्या मिशनमध्ये जन्मलेली. आम्हाला काय ठाऊक असणार?

कमिटीने चाल प्रत्यक्ष ऐकायची ठरवली. अकोल्याहून चार सभासद आले, गोरे पाद्री साहेब त्यांचे अध्यक्ष. पाहुण्यांच्या सोयीने दिवाळीच्या आधीची तारीख निघाली. म्हणजे आश्विन. वऱ्हाडात त्या दिवसांत संध्याकाळी गल्लीगल्लीत पोरी भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, तिच्यापुढे गाणी, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी हलवून विचारायचं, वाजतो की नाही. आमच्या कंपाउंडातल्या मुलींना तिकडे फिरकायची बंदी होती. चर्चच्या भिंतीला लागूनच माळ्यांची गल्ली, आणि उकाड्याने खिडक्या उघड्या.

पायपेटी सुरू झाली. गायनवृंद उभा राहिला. पहिलं कडवं नीट पार पडलं. दुसऱ्या कडव्याला खिडकीबाहेरून टाळ्या ऐकू आल्या, अगदी लयीत. मग आवाज. गल्लीतल्या पोरींनी आमची चाल उचलली होती, पण शब्द त्यांचे होते. भाकरी करपवणाऱ्या सुनेला सासू काय म्हणते, नणंद काय म्हणते, दीर काय म्हणतो, असं काहीतरी. त्या शिकून घेत नव्हत्या. त्यांना ती पाठ होती. आमचे पुरुष ओळीच्या शेवटी श्वास घेत तेव्हा त्या पुढे निघून जात आणि आमची वाट बघत थांबत.

आत प्रभूच्या हातात खिळे ठोकले जात होते आणि बाहेर भाकरी करपत होती. मागच्या ओळीतली एक म्हातारी आधी हसली. मग पदराआडून सगळ्याच. ज्या ज्या बायका हिंदू घरांतून आलेल्या होत्या त्या सगळ्या. बाबांचा हात वर तसाच हवेत होता. गीत संपलं, आणि त्या शांततेत खिडकीबाहेरून एक पोरगी ओरडली, "डबा वाजवा नं वं! खाऊ काय हाय?"

पाद्री साहेबांना काही कळलं नाही. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे देशी पाद्री, नवे, नगरकडचे, त्यांनाही नाही. म्हातारीला बाजूला घेऊन विचारल्यावर कळलं, की ही भुलाबाईच्या गाण्याची चाल. त्यांनी ते साहेबांच्या कानात सांगितलं. साहेब बाबांकडे बघत राहिले, आणि खुलासा द्यायला अकोल्याला या, असं सांगून गेले.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवार नव्हता, तरी त्यांनी मला आत्याला बोलवायला पाठवलं. ती आली आणि पायरीवर बसली.

"तुमच्या गल्लीतल्या पोरींना माझी चाल कुणी शिकवली?" बाबांनी विचारलं.

"तुयी चाल?" आत्या मनापासून चकित झाली. "अरे बाप्पा! भुलाबाईचं गानं होय ते. मी लहान होती तवापासून म्हनते. मायी माय म्हने."

"माझी संथ आहे. वेगळी आहे. मिसबाईंनी पळवली म्हणून तशी वाटली."

"संथ?" आत्याने टोपली बाजूला ठेवली. "बाबू, तुले आठोते काय रे? दुष्काळात तू भुकेनं रडे. निजे नाई. मी तुले मांडीवर घेऊन हेच म्हनो. मले दुसरं येतच नोतं. पन हळू म्हनो. जोरात म्हनाले दम कोनात होता? आवाज खाली येये तं तसाच येये, घसरत. दोन दिवस पोटात अन्न नाई तं आवाज सरळ कसा निघंल?"

मी बाबांच्या मागे उभी होते, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसलं नाही. त्यांच्या खुर्चीच्या दांडीवरच्या हाताची बोटं मात्र दिसत होती. ती दांडीवर एक ओळ वाजवून थांबली.

मला वाटलं होतं, मिसबाईंनी खोडरबराने पुसलं ते बाबांचं होतं. तेही बाबांचं नव्हतं.

मग ते बोलले. आवाज मास्तरचा होता. "ह्यातलं एक अक्षर कुठे बोलायचं नाही. अकोल्याला कमिटीपुढे यायचं आणि सांगायचं, की तू ही चाल आमच्या खिडकीतून ऐकलीस आणि पोरींना शिकवलीस."

"खोटं बोलू?"

"तू मला फाटकावर टाकून गेलीस. त्याच्यापुढे हे काय मोठं आहे?"

"टाकलं नाई रे," आत्या म्हणाली. "देल्लं."

"मूल नाही तुला. तुला काय कळणार, टाकणं म्हणजे काय अन् देणं म्हणजे काय."

आत्याने टोपली उचलली. जाताना म्हणाली, "गाडी कवाची हाय ते पोरीजवळ सांगून ठेव."

अकोल्याच्या मुलींच्या शाळेतल्या दिवाणखान्यात कमिटी बसली. चाल पुन्हा ऐकवण्यासाठी मला पायपेटीवर बसवलं होतं. मधल्या टेबलावर मी लिहिलेलं बाबांचं चरित्र साहेबांच्या हाताखाली होतं. आत्याने चपला आणि टोपली दाराबाहेर ठेवली. बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती उभी राहिली. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि कुंकू मोठं लावलं होतं.

"बाई, हे गाणं तुमच्या गावचं आहे का?" साहेबांनी विचारलं. त्यांचं मराठी पुस्तकी, पण साफ होतं.

"नाई साहेब. मास्तरची चाल होय. मी त्याइच्या खिडकीखाली फुलं घेऊन बसो. आयकली अन् पोट्ट्यांले मीच शिकवली."

"म्हणजे प्रभूच्या मरणाचं गीत तू बाहुलीच्या खेळाला नेलंस?" आमचे पाळक म्हणाले.

"हो जी."

"लाज वाटली नाही?"

"वाटली जी. मांगून वाटली."

एक सभासद मिशीत हसले. साहेबांनी चरित्राचा कागद उचलून पाहिला आणि बाबांकडे वळले. "मास्तर, ही तुमच्या नात्यातली आहे असं कुणीतरी मला म्हणालं. इथे तर वेगळं लिहिलं आहे."

बाबा उभे राहिले. "वेदीसाठी फुलं देते, साहेब."

"एवढंच?"

"एवढंच. भाव जास्त सांगते."

सगळे हसले. मिसबाईसुद्धा. ते शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. आत्या समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे येशू कोकरू खांद्यावर घेऊन चालल्याचं चित्र होतं.

कमिटीचं समाधान झालं. चाल घ्यायची ठरली. आत्याने यापुढे कंपाउंडात पाऊल टाकू नये, असंही ठरलं, म्हणजे पवित्र गीतं पुन्हा बाहेर जाणार नाहीत. वेदीची फुलं मिसबाईंच्या बागेतून येतील. हे तिला मिसबाईंनीच सांगितलं, नेहमीच्या मऊ आवाजात, आणि तुम्ही म्हणून.

परतताना आत्या आणि मी बायकांच्या डब्यात होतो. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. तिथे तिने फुटाणे घेतले आणि अर्धे माझ्या ओंजळीत ओतले.

"भाव जास्त सांगते म्हने!" ती म्हणाली, आणि खो खो हसली. मग डोळे पुसून मला नीट न्याहाळलं. "तू एवढी इंग्रजी शिकली वं. तुले तोंडानं काई बोलता येते का फक्त लिहिताच येते?"

मी फुटाणे खाल्ले.

पुस्तक यायला पुढचं वर्ष गेलं. विलायतेतून छापून आलं. गठ्ठा सुटला त्या दिवशी मिसबाईंनी बाबांना स्वतः एक प्रत दिली. बाबा ती घेऊन घरी आले, खुर्चीत बसले आणि पान शोधू लागले. सापडलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखं उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग पुस्तक माझ्याकडे दिलं.

"वाच."

मी वाचलं. उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, जुनी वऱ्हाडी चाल. त्याखाली, चार आवाजांत बसवणाऱ्या म्हणून मिसबाईंचं नाव.

"मागे बघ. चरित्रं."

मागे बाबांचं चरित्र नव्हतं. मिसबाईंचं होतं, चांगलं पानभर. त्यात एके ठिकाणी म्हटलं होतं, की वऱ्हाडात काम करताना एका देशी शिक्षकाच्या तोंडून त्यांनी ही प्राचीन चाल टिपून घेतली. टिपून मी घेतली होती, पण ते असो. मी ते वाक्य मराठीत सांगितलं.

"पुढे?"

"पुढे त्यांच्या शाळेबद्दल आहे."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तीन मुलं पुरणाऱ्याचं चरित्र मी वाचायची तेव्हा ते जसे डोळे मिटून ऐकत, तसेच त्यांनी ऐकलं.

संध्याकाळी ते मिसबाईंकडे गेले. मलाही नेलं, कदाचित इंग्रजी लागेल म्हणून. लागलं नाही. मिसबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "मास्तर, मला राहवेना. गेल्या आश्विनात मी स्वतः त्या गल्लीत जाऊन मुलींना ऐकलं. एवढ्या लहान मुलींना ह्या एकाच चालीवरची इतकी गाणी एका वर्षात कुणी शिकवू शकत नाही. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण चाल तुमच्याहून जुनी आहे. विलायतेतल्या संपादकांना ती लोकांची चाल म्हणूनच फार आवडली. नाहीतर त्यांनी गाळली असती." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. "तुमच्या लोकांचा हा मान आहे. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

"झाला, मिसबाई," बाबा म्हणाले.

त्यानंतर मला एकदा इतवाऱ्यात जावं लागलं, आईला भाजी हवी होती म्हणून. आत्या आपल्या जागी होती. झेंडूची माळ ओवत होती. मला पाहून तिने सरकून पोत्यावर जागा केली, आणि मी बसले नाही तेव्हा पुन्हा पसरून बसली.

"पुस्तक आलं म्हने."

"आलं."

"मंग? शेवटी घातलं का मले?"

"नाही."

"जागा नसंल उरली," ती म्हणाली. सुईत दोरा पुन्हा ओवत तिने विचारलं, "त्याचं नाव मोठ्या अक्षरात हाय का बारीक?"

"बाबांचं नाव नाही आत्या. ते पण नाहीत त्यात. जुनी वऱ्हाडी चाल असं छापलंय."

तिने सुई खाली ठेवली. आधी तिला ते नीट समजलं नसावं. मग समजलं, आणि ती हसायला लागली. बाजूच्या वांगेवालीने वळून पाहिलं इतकी हसली. मी पाहिलेलं तिचं सगळ्यात वाईट हसू ते.

"दोघंई नाई! माय वं! मले पाच बाप्यांपुढं चोर केलं अन् तरीबी नाई!" तिने पदराने तोंड पुसलं. "त्याले सांग, बहीन दुष्काळातच मेली. त्यानं पयलेच लिहिलं होतं, बरोबर लिहिलं होतं. मी उगाच फुलं घेऊन येत राहिली." मी पैसे पुढे केले तेव्हा तिने मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि रोजच्या भावापेक्षा जास्त भाव सांगितला. तो मी दिला.

घरी बाबांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आईने मेथी महाग पडली म्हटलं.

बाबांनी पुढे चाल बांधली नाही. गायनाचे पुढारी मात्र राहिले. दुःखसप्ताह आला की ते गीत नव्या पुस्तकातून म्हटलं जातं, मिसबाईंच्या लयीत, आणि आता ते वाजवायला मी बसते. माळ्यांच्या गल्लीकडच्या खिडक्या त्या दिवसांत लावून घेतात.

गेल्या वेळी सरावाला एक नवी मुलगी होती, तिवशाकडून अनाथाश्रमात आलेली, सात-आठ वर्षांची. तिला वाचता येत नव्हतं, ती ऐकून म्हणत होती. ओळीच्या शेवटी सूर खाली येताना तिचा आवाज सरळ आला नाही. घसरला. तिने मुद्दाम केलं नव्हतं, तिचा गळाच तसा होता. मी पायपेटीवरचा पाय थांबवला. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि काही वेळ मला वाटलं ते तिला पुन्हा म्हणायला सांगणार आहेत.

"हात पुढे कर," बाबा म्हणाले.

पट्टी किनारीच्या बाजूने बसली. ती रडली, मग रडायची थांबली.

"पुस्तकात आहे तसं," बाबा म्हणाले. "सरळ. पुन्हा."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.